बोट उचललं की थांबणारी सुरी

पोरीची मूठ उघडतच नव्हती. मुठीतून लाल पाणी मनगटावर, मनगटावरून कोपरावर, तिथून माझ्या पायावर, अन् मी तिचं एक एक बोट उचलून राहिली होती, अन् ती अजून जोरानं आवळून राहिली होती. दहा महिन्यांच्या लेकराच्या हातात एवढी ताकद असते हे मले त्या दिवशी समजलं. ती रडत नव्हती, म्हणूनच मी जास्त घाबरली. रडली असती तर वाटलं असतं, दुखून राहिलं आहे, म्हणजे बोटं जागेवर आहेत.

नळाखाली धरलं तिले. पाणी लाल, मग गुलाबी, मग पुन्हा लाल. रक्त रोहूचं की पोरीचं, मले कळेना. चार वर्षं झाली मी मासे कापते, मले तरी ओळखता यायला पाहिजे होतं ना? नाही आलं.

मग मूठ आपोआपच उघडली. आत माशाचा फुगा होता. पोटातला, पांढरा, चमकणारा, हवेनं भरलेला, ज्याच्यानं मासा पाण्यात वर राहते तो. पोरीनं तो दाबून फोडून टाकला होता अन् तरी सोडत नव्हती. तळहातावर करंगळीच्या खाली एक चीर, तांदळाच्या दाण्याएवढी. बस तेवढीच. दवाखान्यातल्या डॉक्टरनं धुवून पट्टी बांधली अन् म्हणे टाके नको. मी पोरीले मांडीवर घेऊन तिथंच बाकावर बसली.

आता नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई नुसती पळून राहिली आहे. आम्ही रांझीले राहतो, इकडं हिंदी मुलखात. मूळचे भंडाऱ्याकडचे, तलावातल्या मासोळीवर जगणारे. माझं माहेर अजून तिकडंच आहे. इकडं माझी सासू रस्त्याच्या कडेले खुर्ची टाकून मासे विकते, घर लगेच मागे. गुडघे गेले तिचे, खाली बसता येत नाही, म्हणून कापायचं काम माझं. ती समोरून मासा तोलून धाडते, मी आंगणात बसून खवले काढून, पोट साफ करून, काप करून परातीत परत देते. आमचे हे फॅक्टरीत ठेक्यावर जातात, सकाळी सातले निघतात.

कापायचं विळीवर. पाटावर उभं पातं, पाट पायाखाली दाबायचा, अन् दोन्ही हातांनी मासा धरून पात्यावर रेटायचा. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिले मले साडी नाही दाखवली, विळी दाखवली. अन् एकच गोष्ट सांगतली: उठायचं असलं तर विळी आडवी करून उठ. एक मिनिटासाठी उठली तरी आडवी. पाय निघाला का विळी कोणाचीच नसते.

चार वर्षं मी आडवी करूनच उठली. त्या दिवशी समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं, सासूनं आवाज दिला, परात आण लवकर, अन् मी परात उचलून पळाली. विळी उभी. पात्याच्या बुडाशी तो फुगा चमकून राहिलेला. पोरगी झोपली होती, मी पाहून आली होती. परात देऊन मागे वळली तर ती विळीसमोर बसून.

आवाज सासूनंच दिला होता हे तिनं कधी काढलं नाही. मीबी नाही काढलं.

दवाखान्यातून आल्यावर तिनं पोरीची पट्टी पाहिली, माझ्याकडे नाही पाहिलं, अन् म्हणाली पोरीले तुझ्या मायकडे धाड. दोन वर्षं. समजायले लागली का आणू. मी म्हटलं आत्याबाई, मी नाही राहू शकणार. तर ती म्हणे राहता येते. ह्यांलेबी तिनं असंच तिच्या मायकडे ठेवलं होतं, पाच वर्षांचे होईपर्यंत.

"परत आला तेव्हा मले मावशी म्हणे," ती म्हणाली. "सहा महिने मावशीच म्हणत होता. मग सुटली सवय."

हसत सांगतलं तिनं. खवले काढलेल्या माशावर पाणी टाकत सांगतलं. मी ह्यांले विचारलं तर ह्यांले काहीच आठवत नव्हतं. मले मात्र ते सहा महिने आठवून राहिले, माझे नसून.

काम सोडायची गोष्ट कोणी काढली नाही, कारण ती निघतच नव्हती. मी नाही कापलं तर सासूचे मासे कोणी घेत नाही, आजकाल बिनकापलेला मासा घरी कोण नेते? मग माझ्या मायले फोन झाला. ती म्हणे पुढच्या रविवारच्या गाडीनं येते न्यायले. आठ दिवस होते माझ्याजवळ.

सोमवारी ह्यांनी रात्री जेवताना फोनवर एक व्हिडिओ दाखवला, असंच, माझं मन लागावं म्हणून. कुठला तरी गोरा माणूस, पाण्याच्या काठाले टेबल, त्याच्यावर मासा, अन् हातात सुरी, पण सुरी मशीनची. घर्र केलं अन् माशाची एक बाजू चादरीसारखी निघून आली. पलटवला, दुसरी बाजू. मधला काटा, डोकं, शेपूट तसंच्या तसं राहिलं, जसं केळ्याचं सालटं पडून राहते. हे म्हणे पाह्य वो, तुझं अर्ध्या तासाचं काम.

मी मासा पाहतच नव्हती. मी त्याचं बोट पाहून राहिली होती. बोट दाबलं का पातं चालते, बोट उचललं का थांबते. वीस वेळा पाहिला असंन तो व्हिडिओ. दर वेळी थांबते. आमच्या विळीले कोणी सांगत नाही का आता बाई उठून गेली, थांब. या सुरीले आपोआप समजते.

अन् अजून एक. तो माणूस उभा होता.

मले असं झालं का आता मले सगळं पाहिजे. दोन पाती काहून असतात? चिकटून असून एकमेकांले कापत काहून नाहीत? विळीत पातं थांबून राहते अन् मासा चालते. साध्या सुरीत मासा थांबते अन् हात चालते. साधी सुरी मी ओट्यावर करून पाहिली होती एकदा, माझ्या हाताले ती चाल येतच नाही, मासा सटकते. पण या सुरीत हात नुसता दाखवते कुठं जायचं, पातं आपलं आपण चालते. मग अंगाचा जोर कुठं लावायचा? मी आठवीतून निघाली शाळेतून, विज्ञानाच्या बाई म्हणायच्या ही पोरगी प्रश्न फार विचारते. उत्तरं यायच्या आधी लग्नाचं पाहायले लागले.

मंगळवारी बाजार बंद करून मी पोरीले कडेवर घेतलं अन् बडा फुहाऱ्याच्या बाजारात गेली. सासूले म्हटलं पोरीचे कपडे घेते मायकडे न्यायले. खोटं बोलली.

पहिल्या दुकानात दुकानदारानं मले मिक्सर दाखवला. म्हटलं नाही भैया, मछली काटने की छुरी, बिजली वाली. त्यानं दुसऱ्याले विचारलं, दुसऱ्यानं तिसऱ्याले, तिघंबी हसले. एकजण म्हणे दीदी, मछली को करंट देके मारोगी क्या. मीबी हसली, काय करू.

भांड्यांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या दुकानदाराजवळ होती एक. ब्रेड कापायची, केक कापायची, मोठ्या घरांत लागते म्हणे. डब्यावर धूळ. मी म्हटलं लावून दाखवा. त्यानं बोर्डात पिन लावली, घर्र झालं, पोरगी कडेवर ताठ झाली, दोन्ही हात पुढे. मी म्हटलं आता बोट उचला. त्यानं उचललं. सुरी चालतच राहिली.

मी एक पाऊल मागे झाली.

त्यानं मले समजावलं का बाजूले एक खटका आहे, तो लावला का बोट दाबून ठेवायची गरज नाही. "ये तो फीचर है दीदी. हाथ नहीं थकता."

"हाथ थकने दो भैया," मी म्हटलं. "रुकना चाहिए."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पोरीच्या पट्टीकडे. मग त्यानंच सांगतलं का ही तुमच्या कामाची नाही, हिचं पातं जाड आहे, वाकत नाही, मासा याच्यानं फाटेल. अधारतालले मेन रोडवर हॉटेलांचं सामान विकणारं दुकान आहे, तिथं पाहा. आपला माल न विकता दुसऱ्याचं दुकान सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पाणीबी दिलं त्यानं.

अधारतालच्या दुकानात दोन होत्या, दोन्ही खास माशाच्या. एक तारेची, एक बॅटरीची. दोघींले खटका नव्हता, मी दहा वेळा विचारून घेतलं. उलट अंगठ्यानं एक बटन आधी दाबायचं, मग बोटानं दुसरं, तेव्हाच चालते. मी पोरीचा अंगठा त्या बटनावर ठेवून पाहिला. पोचत नव्हता. दुकानदार म्हणे ये क्या कर रही हैं आप. मी म्हटलं नाप रही हूँ.

पातं हातात घेऊन वाकवलं, वाकलं, विळीचं कधी वाकत नाही. दोन पाती कशी राहतात तेबी दिसलं. एक पुढे गेली का दुसरी मागे येते, दोघी एकाच घरात एकमेकींले घासून राहतात पण दात बाहेरच्या बाजूले. मले सासू अन् मी आठवली. हसू आलं, दुकानदाराले काय सांगू काहून हसली.

मग तिथंच उभी राहून विचार करत राहिली, तारेची का बॅटरीची. तारेची हलकी होती, संपत नाही. पण तार लटकते, अन् लटकणारं काहीबी माझी पोरगी ओढते, पदर, पडद्याची दोरी, बकेटीची मूठ. बॅटरीवाली जड होती, पण तिची बॅटरी खट करून निघते. काढली का सुरी मेली. दोन तुकडे दोन जागी ठेवता येतात. मी बॅटरीची घेतली. कानातले घालून गेली होती, नुसते कान घेऊन आली, एवढंच सांगते.

डब्यातला कागद सगळा इंग्रजीत. आमच्या गिऱ्हाइकांत एक मास्तरीणबाई आहेत, जुन्या मराठी घरातल्या, त्यांची मराठी पुस्तकासारखी. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी सासूशी बोलून राहिली होती ते ऐकून म्हणाल्या होत्या, अगं, तुम्ही मराठी आहात होय? अन् मले वाटलं होतं, बाईंची मराठी ऐकून मलेच माहीत नाही आता, मी मराठी आहे का नाही. त्यांले मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, उभ्या उभ्या. पातं काढायच्या आधी बॅटरी काढा. ओल्या हातानं बॅटरीले हात लावू नका. लेकरांपासून दूर ठेवा. हे शेवटचं त्यांनी दोनदा वाचलं.

"हे तर विळीवरही लिहायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "काटे निघतात का गं याने? बाबांना आता काटे जमत नाहीत."

मी म्हटलं रोहूचे नाही निघायचे बाई, रोहूच्या मांसातच बारीक दुफाट्याचे काटे राहतात, ते कोणत्याच सुरीले सापडत नाहीत. पण मरळ आणली तर निघतील. हे मले कोणी शिकवलेलं नाही, बोटांले माहीत आहे. त्यांनी म्हटलं मग दर आठवड्याला मरळ दे.

गुरुवारी सकाळी, हे कामावर निघाल्यावर, सासूसमोर चालवायची होती. तिनं मशीन पाहिलं, कानाकडे पाहिलं. खुर्ची आत ओढून बसली. मी पोरीले खोलीत झोपवलं, दाराले आडवी फळी लावली, ओट्यावर लाकडी पाट ठेवला अन् उभी राहिली. उभं राहूनच मले वेगळं वाटलं. आंगण असं वरून मी कामाच्या वेळी कधी पाहिलंच नव्हतं.

पहिला रोहू वाया गेला. खवले न काढता लावली तर पातं खवल्यांवरून घसरलं. व्हिडिओत तर त्यानं खवले काढलेच नव्हते, मग समजलं का त्याचा मासा दुसरा होता. खवले काढले, मग पातं बरगड्यांवर नाचलं, अन् निघालं ते फाटलेल्या धोतरासारखं. सासूनं तो तुकडा उचलून बोटानं दाबून पाहिला.

"काटे तर आतच आहेत," ती म्हणे. "अन् मधला काटा फेकला तर लोकं रस्सा कशाचा करतील, हवेचा?"

खरं होतं तिचं. आमच्याकडे मासा आडवा कापतात, काट्यासकट, प्रत्येक कापात मधल्या काट्याचा एक एक मणी. तो चोखायलेच लोकं खातात. मी दुसरा रोहू घेतला अन् म्हटलं काप करून पाहते. मधल्या काट्यावर पातं नुसतं गाऊन राहिलं, आत जाईना. मोठ्या कतला मासोळीचं तर नावच नको. म्हणजे दहातल्या आठ गिऱ्हाइकांसाठी ही सुरी कामाचीच नाही. हे मले दुकानात काहून नाही सुचलं? सुरी थांबते का नाही एवढंच मी पाहून राहिली होती, कापते का नाही हे पाहायचं राहिलंच.

मग मी मरळ घेतली. मास्तरीणबाईंची. शेपटीकडून लावली, पातं चपटं धरलं, अन् हात नुसता दाखवत गेला. घर्र आवाज एकसारखा झाला, जसा शिलाई मशीनचा सरळ शिवणीवर होते. एक बाजू सुटून आली. गुलाबी, स्वच्छ, एक काटा नाही. मी ती हातावर घेऊन उजेडात धरली. सासूबी वाकून पाहून राहिली होती, ते मले दिसलं.

दुसऱ्या बाजूले लावली, अन् माझ्या पिंडरीले काहीतरी चिकटलं.

बोट उचललं मी. सुरी थांबली. एवढी लवकर थांबली का माझा श्वास मागे राहिला. खाली पाहिलं तर पोरगी. फळी सरकवून आली होती. माझी साडी दोन्ही मुठींत धरून, पाय थरथरत, तोंड वर. उभी. तोवर ती कधीच उभी राहिली नव्हती, रांगतच होती. ती त्या आवाजाकडे आली होती अन् आवाज वर होता म्हणून उठून उभी राहिली.

आवाज बंद झाला तर तिनं ओठ काढला. म्हणजे पुन्हा कर.

मी सुरी मागे ठेवली, बॅटरी काढली, ओल्याच हातानं काढली, अन् खाली बसून तिले धरलं. मी हसून राहिली होती का रडून, मले माहीत नाही. म्हटलं आत्याबाई, पाहिलं? थांबली. बोट उचललं अन् थांबली. अन् पोरगी उभी राहिली.

सासूच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी खोटं नाही सांगत. तिनं पोरीच्या गालाले हात लावला, माशाचा हात, ओला.

"थांबली ते पाहिलं मी," ती म्हणाली. "पण विळीचा आवाज नव्हता बाई. विळीनं तिले बोलावलं नव्हतं. हे बोलावते." मग ओट्याकडे पाहून, हळूच, "आज उभी राहिली. ओट्यावर हात पोचायले किती दिवस?"

मी ओट्याची उंची पाहिली, पोरीची पाहिली. जसा तिचा अंगठा बटनावर मोजला होता तसं मोजलं. मग आंगणात भिंतीले टेकवलेली विळी पाहिली, आडवी. रोहूच्या कापांसाठी ती उद्या पुन्हा उभी होणारच होती, या सुरीनं ती जागा भरली नव्हती. मरळेपुरती मी उभी, बाकी वेळ खाली विळीवर, असंच चालणार होतं. सासूनं माझ्या मनातलं वाचल्यासारखं म्हटलं, पोरगी तुझ्यावरच गेली, चमकलं का जाते, वाजलं का जाते.

तेवढ्यात हे डबा विसरले म्हणून परत आले. पोरगी उभी राहिली हे ऐकून त्यांनी तिथूनच माझ्या मायले फोन लावला, खुशीत, अन् फोन माझ्या हातात देऊन पोरीजवळ जाऊन बसले. हात पुढे करून तिले बोलवत होते, ये, ये. ती एक हात माझ्या साडीले धरून त्यांच्याकडे पाहून राहिली होती.

फोनमध्ये माय म्हणून राहिली होती का तिची पिशवी भरून झाली, पोरीसाठी मऊ गोधडी शिवली, रविवारी सकाळीच पोचते. अन् मग तिनं विचारलं, येऊ ना? बोल ना वो, येऊ ना?

सासू खुर्चीत बसून माझ्याकडे पाहून राहिली होती. बॅटरी माझ्या दुसऱ्या हातात होती, गरम. पोरगी माझ्या पायाले धरून उभी.

तुम्ही असता तर मायले काय सांगतलं असतं?